याप स्टाम: आठ क्लबांचा स्टॉपर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नव्वदच्या दशकातल्या फुटबॉलच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी याप स्टाम या डच बचावपटूचं नाव काढतं आणि मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. मँचेस्टर युनायटेडने त्याला का विकला? पेट्रोल पंपाची गोष्ट खरी का? इस्तंबूलला तो होता का? दर वेळी तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवलेलं बरं.

नाव जाप की याप?

याप. डच भाषेत इंग्रजी ‘जे’चा उच्चार ‘य’ होतो. याच न्यायाने तो शेवटी ज्या क्लबात खेळला त्याचं नाव आयाक्स. आपल्याकडे ‘अजॅक्स’ रुळलंय, पण ॲम्स्टरडॅममध्ये तसं म्हणालात तर लोक भांडी घासायची पावडर समजतील. जन्म १७ जुलै १९७२, गाव काम्पेन. नेदरलँड्सच्या पूर्वेकडे आयसेल नदीकाठचं हे जुनं व्यापारी गाव. उंची १.९१ मीटर, डोक्यावर केस नाहीत, चेहऱ्यावर हसू क्वचित.

तो नेमका कुठल्या जागेवर खेळायचा?

सेंटर बॅक. आपल्याकडच्या मैदानांवर, कोल्हापूर असो की मडगाव, या जागेला अजूनही स्टॉपर म्हणतात आणि स्टामला तो शब्द जास्त शोभतो. मिलानमध्ये वय वाढल्यावर त्याला उजव्या बाजूलाही खेळवलं गेलं, पण तो पिंड त्याचा नव्हता.

एकूण क्लब किती आणि कोणत्या क्रमाने?

आठ. झ्वोले, काम्बूर, विलेम ट्वे, पीएसव्ही आइंडहोवन, मँचेस्टर युनायटेड, लाझिओ, एसी मिलान आणि आयाक्स. १९९२ ते २००७, पंधरा वर्षं, तीन देश. पहिले तीन क्लब आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसतात. ‘ट्वे’ म्हणजे दोन; टिलबर्गच्या त्या क्लबाला विलेम दुसरा या डच राजाचं नाव आहे.

लहानपणी कुठल्या मोठ्या अकादमीत होता?

नव्हता, आणि माझ्या मते त्याचं पुढचं बरंच काही इथून समजतं. त्याच्या पिढीतले बहुतेक नामवंत डच खेळाडू, म्हणजे क्लायव्हर्ट, सीडॉर्फ, डेव्हिड्स, डे बूर बंधू, आयाक्सच्या शाळेतून आले. विशीच्या आत त्यांची नावं झाली. स्टाम तेव्हा गावच्या हौशी संघात होता. १९९२मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, घराजवळच्या झ्वोलेकडून तो पहिल्यांदा व्यावसायिक सामना खेळला. तोही दुसऱ्या श्रेणीत.

पुढच्या वर्षी काम्बूर. हा क्लब उत्तरेकडच्या लेउवार्डन शहरातला. तिथे पहिल्याच हंगामात संघाची पहिल्या श्रेणीतून घसरण झाली, म्हणजे स्टाम पुन्हा खाली. १९९५मध्ये विलेम ट्वेने त्याला वर आणलं आणि तिथे जेमतेम अर्धा हंगाम झाला तोच पीएसव्हीने उचललं. ज्या वयात क्लायव्हर्टने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोल केला, त्या वयात स्टाम एकही व्यावसायिक सामना खेळला नव्हता. मात्र एकदा गाडी सुटली ती सुटलीच. १९९६च्या सुरुवातीला पीएसव्ही, एप्रिल १९९६मध्ये जर्मनीविरुद्ध राष्ट्रीय संघात पदार्पण, त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेच्या संघात निवड. दुसऱ्या श्रेणीतून देशाच्या संघात, फार तर वर्षभरात.

पीएसव्हीमध्ये काय मिळवलं?

१९९६चा डच चषक आणि १९९६-९७चं लीग विजेतेपद. प्रशिक्षक होते डिक ॲडव्होकाट. संघात कोकू, योंक, निलिस अशी मंडळी. १९९७मध्ये स्टाम नेदरलँड्सचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. गोल करणाऱ्यांच्या देशात हा मान बचावपटूला मिळणं किरकोळ नाही.

युनायटेडने १९९८मध्ये त्याच्यासाठी किती मोजले?

एक कोटी पाउंडांहून थोडे जास्त. बहुतेक ठिकाणी १ कोटी ६ लाखांच्या आसपासचा आकडा आहे. तोवर जगात कुठल्याही बचावपटूसाठी एवढी रक्कम कुणी दिली नव्हती. त्याच उन्हाळ्यात गॅरी पॅलिस्टर मिडल्सब्रोला गेला आणि प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांना त्याच्या जागी माणूस हवा होता.

सुरुवात मात्र बघवत नव्हती. ९ ऑगस्ट १९९८, वेम्बली, हंगामाच्या आरंभीची चॅरिटी शील्ड लढत, समोर आर्सेनल. निकाल ०-३. तिसरा गोल आनेल्काचा आणि त्यात स्टामला त्याने अंगाने सहज बाजूला सारलं. इंग्लिश वर्तमानपत्रांना आणखी काय हवं! जगातला सगळ्यात महाग बचावपटू आणि एकोणीस वर्षांच्या पोराने त्याला दारासारखं ढकलून दिलं. त्याआधी महिनाभर तो फ्रान्समध्ये विश्वचषकाचा उपांत्य सामना खेळत होता, शिणलेला होता, हे सांगायला कुणाला सवड नव्हती.

त्याचा खेळ होता तरी कसा? नुसता धिप्पाड होता म्हणून चालला का?

हा गैरसमज फार पसरलाय. धिप्पाड स्टॉपर इंग्लंडमध्ये ढिगाने होते. स्टामचं वेगळेपण असं की तो त्या अंगकाठीला न शोभणारा वेगवान होता. पहिल्या चार-पाच पावलांत नाही, पण एकदा पाय मोकळे झाले की तो बहुतेक आघाडीवीरांच्या बरोबरीने धावायचा. याचा फायदा आख्ख्या संघाला होतो. स्टॉपर वेगवान असला की बचावफळी वर, मध्यरेषेच्या जवळ उभी राहू शकते. मागे मोकळी सोडलेली जागा भरायला कुणीतरी आहे ही खात्री असते. फळी वर आली की मधली फळी आणखी वर जाते. मधल्या फळीतल्या कीन आणि स्कोल्स यांना प्रतिस्पर्ध्याला अगदी चिकटून खेळता आलं, त्याचं थोडं श्रेय मागच्या या माणसाला द्यायला हवं.

दुसरं म्हणजे तो घसरत जाऊन टॅकल करण्याआधी उभ्यानेच काम संपवायचा. आघाडीवीराला आतल्या बाजूने येऊ न देता कडेला रेटायचं, चेंडू आणि माणूस यांच्या मध्ये खांदा घालायचा आणि मग चेंडू सोपा करून जवळच्या माणसाला द्यायचा. अंगावर माती न लागलेला स्टॉपर बहुधा चांगला स्टॉपर असतो, असं मला वाटतं. टीव्हीवर मात्र मातीवाला जास्त शूर दिसतो.

१९९९च्या तिहेरी मुकुटात त्याचा वाटा किती?

त्या हंगामात युनायटेडने लीग, एफए चषक आणि चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. लीगमधले ३८ पैकी ३० सामने स्टाम खेळला. डिसेंबर १९९८मध्ये घरच्या मैदानावर मिडल्सब्रोकडून २-३ अशी हार झाली; त्यानंतर हंगाम संपेपर्यंत हा संघ एकही सामना हरला नाही. आनेल्काची गोष्ट तोवर लोक विसरून गेले होते.

शेवटच्या आठवड्यात त्याच्या टाचेमागच्या शिरेने, अकिलीसने, डोकं वर काढलं. २२ मेच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात तो बाकावर बसला आणि शेवटच्या टप्प्यात मैदानात उतरला. चार दिवसांनी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर बायर्न म्युनिकशी गाठ. तिथे मात्र पूर्ण वेळ, जोडीला रॉनी जॉन्सन.

आपल्याकडे तोवर २७ तारीख उजाडली होती. सामना रात्री सव्वाबाराला सुरू झाला. सहाव्या मिनिटाला बासलरच्या फ्री किकवर बायर्न पुढे गेलं आणि मग ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं काहीच घडेना. लोकांना आठवतात ते भरपाई वेळेतले शेरिंगहॅम आणि सोल्स्कयार यांचे दोन गोल. ज्यांनी कंटाळून टीव्ही बंद केला आणि सकाळी पेपर बघून कपाळावर हात मारला, असे लोक मला व्यक्तिशः माहीत आहेत. पण दुसऱ्या सत्रात बायर्नचा एक चेंडू खांबाला आणि एक आडव्या दांडीला लागून परत आला होता. निलंबित कीन आणि स्कोल्स यांच्याविना मधली फळी उसवलेली होती, युनायटेड गोलसाठी माणसं पुढे ढकलत होतं आणि मागे स्टाम नि जॉन्सन दोघेच किल्ला लढवत होते. फरक एका गोलाचाच राहिला म्हणून शेवटच्या दोन कॉर्नरना अर्थ उरला. हे काम गोलांच्या चित्रफितीत कधीच दिसत नाही.

१९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षं युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेने, क्लब स्पर्धांमधला सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याची निवड केली.

युनायटेडकडून त्याने एकच गोल केला, हे खरं?

खरं. १२७ सामने, एक गोल. जानेवारी १९९९, लेस्टर सिटीविरुद्ध, ६-२ अशा विजयातला सहावा.

पुस्तकात त्याने असं काय लिहिलं होतं?

२००१च्या ऑगस्टमध्ये त्याचं आत्मचरित्र आलं आणि त्यातले उतारे एका ब्रिटिश दैनिकाने छापले. दोन गोष्टी गाजल्या. पहिली, पीएसव्हीच्या परवानगीआधीच फर्ग्युसन आपल्याशी बोलले होते, असं त्याने लिहिलं. हे नियमात बसत नाही. दुसरी, सहकाऱ्यांबद्दलचे मोकळेढाकळे शेरे. नेव्हिल बंधूंबद्दलचा शब्द तर इथे छापण्यासारखा नाही. स्टामचं म्हणणं, ते ड्रेसिंग रूममधल्या थट्टेच्या सुरात होतं. ड्रेसिंग रूममधली थट्टा वर्तमानपत्राच्या मथळ्यात गेली की तिची काय गत होते, हे त्याला कळायला हवं होतं, हेही तितकंच खरं.

हंगामाचा पहिला सामना तो खेळला. दुसऱ्याला संघाबाहेर. महिना संपायच्या आत तो रोमच्या लाझिओ क्लबात पोहोचला होता.

आणि ती पेट्रोल पंपाची गोष्ट?

ती स्वतः स्टामनेच नंतर मुलाखतींत सांगितली आहे. सरावाहून घरी जाताना फर्ग्युसन यांचा फोन आला, कुठे आहेस म्हणून. भेट ठरली ती रस्त्यातल्या पेट्रोल पंपावर. फर्ग्युसन त्याच्या गाडीत येऊन बसले आणि क्लबाने लाझिओचा प्रस्ताव स्वीकारल्याचं त्यांनी सांगितलं. तीन वर्षांत तीन लीग विजेतेपदं आणि एक युरोपीय चषक मिळवून दिलेल्या माणसाचा निरोप समारंभ गाडीत पेट्रोल भरायला लागतो तेवढ्या वेळात उरकला.

मग त्याला पुस्तकामुळेच काढलं ना?

सगळे तसंच धरून चालतात. फर्ग्युसन यांनी पुढे सांगितलेलं कारण वेगळं आहे: अकिलीसच्या दुखण्यानंतर तो थोडा मंदावल्यासारखा वाटला, वय २९ होतं आणि लाझिओ १ कोटी ६० लाखांच्या पुढे पाउंड देत होतं. एवढे पैसे नाकारवले नाहीत. मात्र खेळाच्या दृष्टीने तो निर्णय चुकला, हेही त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि फर्ग्युसन हे चूक कबूल करण्यासाठी प्रसिद्ध असलेले गृहस्थ नव्हेत.

आणखी एक संदर्भ लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच उन्हाळ्यात युनायटेडने लाझिओकडून व्हेरॉनला २ कोटी ८१ लाख पाउंडांना घेतलं होतं. दोन्ही क्लबांमध्ये बोलणी करणाऱ्यांची ओळख आयतीच झालेली. पुस्तक निमित्त, पैसा कारण आणि दुखणं पुरावा: माझ्या हिशेबी तिन्ही एकत्र आले. नुसत्या पुस्तकासाठी त्याला विकलं असं म्हणणं सोपं आहे, पण एवढा व्यवहारी क्लब नुसत्या रागावर चालत नाही.

स्टाम गेल्यावर युनायटेडचा बचाव कोसळला. आकडेच सांगतात की!

सांगतात, पण पूर्ण ऐकून घेतले तर वेगळंच सांगतात. लोक दोन आकडे शेजारी ठेवतात. २०००-०१मध्ये युनायटेडने लीगमध्ये ३१ गोल खाल्ले, २००१-०२मध्ये ४५. विजेतेपदावरून थेट तिसरा क्रमांक. झालं, सिद्ध!

आता आणखी दोन आकडे घ्या. त्या ३१ गोलांच्या हंगामात अकिलीसच्या शस्त्रक्रियेमुळे स्टाम लीगचे फक्त १५ सामने खेळला होता. आणि त्याआधीच्या १९९९-२००० मध्ये तो ३३ सामने खेळला, तेव्हा युनायटेडने किती गोल खाल्ले? ४५. नेमके तितकेच, जितके तो गेल्यावर खाल्ले. त्या वर्षी लीग मात्र ९१ गुणांसह खिशात घातली, कारण पुढच्यांनी ९७ गोल केले. शिवाय गोलरक्षक श्मायकेल निघून गेला होता आणि गोलमध्ये कधी बॉस्निच, कधी ताइबी, कधी व्हॅन डर गाउ अशी संगीत खुर्ची चालू होती. पुढच्या वर्षी बार्तेझ आला आणि आकडा खाली उतरला.

म्हणजे खाल्लेल्या गोलांवरून एकट्या स्टॉपरचं माप काढता येत नाही. त्यात गोलरक्षक, मधली फळी, दुखापती आणि नशीब सगळं मिसळलेलं असतं. तरीही मी विक्रीला चूकच म्हणतो आणि त्याची कारणं दुसरी आहेत. त्याच्या जागी इंटर मिलानहून लोराँ ब्लां आला. फ्रान्सचा विश्वविजेता, पायात कमालीची नजाकत, पण वय ३५. ब्लां कधीच वेगवान नव्हता. त्याला बचावफळी मागे हवी आणि फर्ग्युसन यांच्या संघाला ती वर हवी. त्या शरद ऋतूत लीगमध्ये युनायटेड बोल्टन, लिव्हरपूल, आर्सेनल, न्यूकॅसल आणि चेल्सी यांच्याकडून हरलं. या पाच नावांची इंग्रजी आद्याक्षरं याच क्रमाने जुळवली की ब्लांचं आडनाव होतं. इंग्लिश प्रेक्षकांना हे आयतंच सापडलं. बिचाऱ्याचा दोष एवढाच की तो वेगळ्या पद्धतीच्या बचावासाठी घडलेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात युनायटेडने लीड्सहून रिओ फर्डिनंडला सुमारे ३ कोटी पाउंड देऊन आणलं. १ कोटी ६० लाखांना विकलेली वस्तू वर्षभराने जवळजवळ दुपटीने परत विकत घेतल्यासारखं झालं. फर्डिनंड २३ वर्षांचा होता आणि बारा वर्षं टिकला, म्हणून लांबच्या हिशेबात ते पैसे वसूलच झाले, हे मात्र मान्य करायला हवं.

डोपिंगमध्ये तो सापडला होता का?

हो. ऑक्टोबर २००१मध्ये अटालांटा या इटालियन क्लबाविरुद्धच्या सामन्यानंतरच्या चाचणीत नँड्रोलोन या स्टेरॉइडचे अंश आढळले. पाच महिन्यांची बंदी आली, अपिलात ती चारवर उतरली. आपण जाणूनबुजून काहीही घेतलेलं नाही, हे त्याचं म्हणणं कायम राहिलं.

त्याला निर्दोष ठरवण्याचा किंवा दोषी ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण काळ कोणता होता हे सांगितलं पाहिजे. त्याच वर्षी नँड्रोलोनच्याच चाचणीत एडगर डेव्हिड्स, फ्रँक डे बूर, लाझिओचाच फर्नांडो कूटो आणि ब्रेशियाकडून खेळणारा पेप ग्वार्डिओला हेही सापडले. ग्वार्डिओला अनेक वर्षं कोर्टात लढून निर्दोष सुटला. एकाच वर्षात एवढे नावाजलेले लोक एकाच पदार्थात सापडले, तेव्हा पूरक आहाराच्या गोळ्या-पावडरींमध्ये भेसळ असावी, अशी शंका खूप जणांनी घेतली. स्टामच्या बाबतीत ती शंका शंकाच राहिली. युनायटेडमधून अपमानित होऊन आलेला माणूस नव्या देशात काही महिन्यांतच ‘डोपर’ ठरला, एवढं खरं.

लाझिओत तीन वर्षं वाया गेली म्हणायची?

छे. तिथेच तो परिपक्व झाला असं मी म्हणेन. इंग्लंडमध्ये त्याची धाव आणि अंग वापरलं गेलं. इटलीत त्याला उभं कुठे राहायचं ते शिकावं लागलं. सुरुवातीला शेजारी नेस्टा होता. मग क्लबाचे मालक सेर्जिओ क्रान्योत्ती यांचा डोलारा कोसळू लागला, नेस्टाला २००२मध्ये मिलानला विकावं लागलं आणि पगार वेळेवर होतील की नाही याचीही शाश्वती उरली नाही. अशा घरात रॉबर्टो मँचिनी यांच्या हाताखाली लाझिओने २००२-०३मध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि २००४मध्ये युव्हेंटसला हरवून इटालियन चषक जिंकला. त्यानंतर क्लबाची तिजोरी भरायला आणखी एक माणूस विकला गेला, तो स्टाम.

२००५च्या इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो होता का?

होता आणि पूर्ण वेळ होता. त्या मिलानची बचावफळी नुसती वाचा: काफू, स्टाम, नेस्टा, माल्दिनी. यापेक्षा भारदस्त चौकडी कागदावर मांडून दाखवा. अंतिम सामन्याच्या वाटेवर मिलानने आधी मँचेस्टर युनायटेडला बाहेर काढलं आणि उपांत्य फेरीत पीएसव्हीला. स्टामचे दोन जुने क्लब एकाच वाटेत. पीएसव्हीने दुसऱ्या सामन्यात ३-१ असा विजय मिळवूनही परक्या मैदानावरच्या एका गोलामुळे मिलान पुढे गेलं.

२५ मेच्या त्या रात्री समोर लिव्हरपूल होतं. माल्दिनीने पहिल्याच मिनिटाला गोल केला, मध्यंतरापर्यंत क्रेस्पोने आणखी दोन. ३-०. मग ५४व्या, ५६व्या आणि ६०व्या मिनिटाला लिव्हरपूलचे जेरार्ड, श्मिट्सर, अलोन्सो. सहा मिनिटांत तीन. पेनल्टी शूटआउटमध्ये मिलान हरलं.

लोक विचारतात, एवढी थोर बचावफळी आणि सहा मिनिटांत तीन गोल कसे? एक जेरार्डचा हेडर, एक लांबून मारलेला फटका, एक पेनल्टी आणि तीही डिडाने अडवल्यावर परत आलेल्या चेंडूवरची. तिन्हींत मूळ गडबड बचावाच्या पुढे, मधल्या फळीच्या डाव्या-उजव्या मोकळ्या जागांत झाली. मध्यंतरानंतर हामान आल्यामुळे जेरार्ड पुढे जायला मोकळा झाला आणि त्याला कुणी धरायचं हे मिलानचं ठरेपर्यंत सामना बरोबरीत आला होता. चार बचावपटू थोर असले तरी त्यांच्या पुढ्यात गर्दी कोण होऊ देतं, हा प्रश्न उरतोच.

सहा वर्षांत दोन अंतिम सामने. एकात संघ शेवटच्या तीन मिनिटांत जिंकला, दुसऱ्यात हातात आलेला घालवून बसला. दोन्हींत हा माणूस मागे उभा.

नेदरलँड्सकडून काय जिंकला?

काही नाही. ६७ सामने, ३ गोल आणि तीन वेळा उपांत्य फेरीत हार. १९९८च्या विश्वचषकात ब्राझीलकडून शूटआउटमध्ये. युरो २००० मध्ये घरच्या ॲम्स्टरडॅममध्ये इटलीकडून, तेही शूटआउटमध्ये. युरो २००४मध्ये पोर्तुगालकडून २-१. त्यानंतर त्याने राष्ट्रीय संघाला रामराम केला.

यातला इटलीचा सामना डच लोक अजून विसरलेले नाहीत. झाम्ब्रोट्टाला ३४व्या मिनिटाला बाहेर काढलं, म्हणजे इटली पुढचा सगळा वेळ दहा जणांनी खेळली. नियमित वेळेत नेदरलँड्सला दोन पेनल्टी मिळाल्या; फ्रँक डे बूरची टोल्डोने अडवली, क्लायव्हर्टची खांबाला लागली. मग शूटआउट. डे बूरची पुन्हा अडवली. दुसऱ्या क्रमांकावर स्टाम आला आणि त्याने चेंडू आडव्या दांडीवरून आकाशात धाडला. त्याने गोल केला असता तर निकाल बदलला असता का? कठीणच, बोसव्हेल्टचीही अडवली गेली. तरी ते चित्र त्याच्या नावाला चिकटलं. चार वर्षांनी स्वीडनला हरवून डच संघाने मोठ्या स्पर्धेतलं पहिलं शूटआउट जिंकलं, तेव्हा पेनल्टी मारणाऱ्यांत स्टाम नव्हता. शहाणपण म्हणायचं.

२००२च्या विश्वचषकाचं काय, असंही कुणीतरी विचारतं. नेदरलँड्स पात्रच ठरलं नाही. डब्लिनमध्ये आयर्लंडकडून ०-१ असा पराभव झाला तो १ सप्टेंबर २००१ला, स्टामच्या विक्रीनंतर आठवड्याभरात.

आयाक्सचं लीग विजेतेपद एका गोलाने गेलं ते स्टाम तिथे असतानाच का?

हो. २००६मध्ये तो मायदेशी परतला, आयाक्सचा कर्णधार झाला. २९ एप्रिल २००७, शेवटचा दिवस, तीन संघ विजेतेपदाच्या शर्यतीत. अल्कमारचा एझी क्लब एक्सेलसियरकडून हरला. आयाक्सने २-० असा विजय मिळवला, तोही टिलबर्गमध्ये विलेम ट्वेवर. पीएसव्हीने मात्र व्हिटेसला ५-१ असं धुतलं. आयाक्स आणि पीएसव्ही, दोघांचे ७५ गुण. गोलफरकात पीएसव्ही अवघ्या एका गोलाने पुढे. म्हणजे स्टामच्या एका जुन्या क्लबात सामना झाला आणि दुसऱ्या जुन्या क्लबाने चषक नेला. असं कुणी कथेत लिहिलं तर संपादक कापून टाकेल. डच चषक तेवढा आयाक्सला मिळाला. ऑक्टोबर २००७मध्ये, हंगाम अर्धा असताना, तो थांबला. तेव्हा वय ३५ होतं.

तो श्रेष्ठ की व्हर्जिल व्हॅन डाइक?

हा प्रश्न आला की चर्चा तासभर लांबते, म्हणून थोडक्यात. व्हॅन डाइक हा पुढच्या पिढीतला डच स्टॉपर; त्याचा पाय अधिक चांगला. त्याचे लांब पास ही वेगळीच गोष्ट आहे. समोरासमोरच्या झुंजीत मी स्टामला घेईन. दोघांमध्ये साम्य मात्र गमतीचं आहे. व्हॅन डाइकही उशिरा फुलला, तोही ग्रोनिंगेन, सेल्टिक, साउदॅम्प्टन अशा आडवळणाने लिव्हरपूलला पोहोचला आणि त्याच्यासाठीही जगातली सर्वाधिक बचावपटू-किंमत मोजली गेली. १९९८मध्ये एक कोटीच्या वर, २०१८मध्ये साडेसात कोटी पाउंड.

प्रशिक्षक म्हणून कसा?

संमिश्र. झ्वोले आणि आयाक्समध्ये साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. मग इंग्लंडमध्ये रेडिंग. पहिल्याच हंगामात, २०१७मध्ये, संघाला प्रीमियर लीगच्या उंबरठ्यावर नेलं. वेम्बलीतला प्लेऑफचा अंतिम सामना हडर्सफील्डविरुद्ध गोलशून्य सुटला आणि हार झाली ती, अर्थातच, पेनल्टी शूटआउटमध्ये. पुढच्या हंगामात संघ तळाकडे सरकला आणि त्याला पद सोडावं लागलं. फेयनूर्डमध्ये तो काही महिनेच टिकला. आयाक्सकडून ०-४ असा पराभव झाल्यावर ऑक्टोबर २०१९मध्ये त्याने राजीनामा दिला.

मे २०२०मध्ये अमेरिकेतल्या एफसी सिनसिनाटीने त्याची नेमणूक जाहीर केली. समाजमाध्यमांवर स्वागताचं छायाचित्र झळकलं. त्यातला माणूस टक्कल असलेला होता, डच होता आणि प्रशिक्षकही होता. फक्त तो याप स्टाम नव्हता.